खाऱ्या वाऱ्यातील जुनी जीप : घरच्या घरी निगा आणि दुरुस्ती

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारी भागात शेतकऱ्याच्या खळ्यात उभी असलेली जुनी गाडी ही चैनीची वस्तू नाही. मार्च ते मे या काळात काजू बी बाजारात पोचविणे, आंब्याच्या पेट्या आणि नारळाची पोती वाहणे, पावसाळ्याच्या तोंडावर खते-बियाणे आणणे, आणि रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडल्यास शिरोड्याला किंवा वेंगुर्ल्याला नेणे, ही सर्व कामे तीच करते. दोन-तीन एकर बागायतीच्या उत्पन्नावर कर्ज काढून नवी गाडी घेणे सर्वांना परवडत नाही. त्यामुळे असलेली जीप, फियाट किंवा मारुती व्हॅन आणखी काही वर्षे सुरक्षितपणे चालविणे हा शेतीच्या हिशेबाचाच भाग ठरतो. कृषिविद्या शिकविणाऱ्याने मोटारीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच.

आमच्या रेडीच्या घरी वडिलांनी १९९८ साली एक वापरलेली डिझेल जीप घेतली. तिची पहिली नोंदणी १९८९ ची. २०१७ च्या जून महिन्यात खताची सहा पोती घेऊन आम्ही शिरोड्याहून परत येत होतो. शेवटच्या उतारावर वडिलांनी ब्रेक दाबला तो पायाखालच्या पत्र्यापर्यंत गेला. हँडब्रेक ओढला, त्याचाही उपयोग झाला नाही. वडिलांनी गाडी खालच्या गियरमध्ये टाकली आणि डाव्या बाजूच्या गडग्याला घासत नेली, तेव्हा ती थांबली. समोरून शाळेची मुले येत होती. अंतर वीस-पंचवीस पावलांचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी जीपखाली शिरून पाहिले. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची पोलादी नळी चॅसिसवर ज्या क्लिपने धरलेली असते, नेमकी त्या क्लिपच्या आड ती गंजून सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. त्या जागेच्या बरोबर वर हौद्याच्या पत्र्याला पाणी जाण्याचे भोक होते आणि त्या कोपऱ्यात आम्ही वर्षानुवर्षे खताची पोती ठेवत आलो होतो. पंधरा दिवसांपूर्वीच एका गॅरेजमधून गाडीला खालून ‘पावसाळी कोट’ म्हणून डांबर मारून घेतले होते. गंज न खरवडता मारलेल्या त्या डांबरामुळे नळी वरून काळीभोर, नवी दिसत होती. आत काय चालले आहे ते कोणालाच दिसले नाही.

गंज कसा चढतो

लोखंड गंजण्यास हवा आणि पाणी दोन्ही लागतात. त्यात मीठ आले म्हणजे पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि गंजण्याची क्रिया कित्येक पट वेगाने होते. रेडीसारख्या गावात समुद्राच्या लाटांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि पत्र्यावर मिठाचा न दिसणारा थर बसतो. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेत पाणी धरते. शिरोड्याच्या मिठागराजवळ ज्यांचे बालपण गेले त्यांनी मिठाच्या राशींना पाणी सुटलेले पाहिलेच असेल. तेच गाडीच्या पत्र्यावर घडते. पाऊस नसताना, गाडी कोरडी दिसत असतानाही दारांच्या खालच्या कडांत आणि चॅसिसच्या खाचांत ओल राहते ती यामुळे.

याच्या जोडीला रेडी परिसरातील तांबडी धूळ आहे. खाणीची असो वा जांभ्या मातीची, ती खाचांत साठते आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवते. म्हणून गाडी धुताना बॉनेट आणि छप्पर चमकविण्यापेक्षा मडगार्डच्या आतली बाजू, चॅसिसच्या पट्ट्या आणि दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके यांवर पाणी मारावे. ही भोके तारेने मोकळी करावीत. खाडीलगतच्या काही विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, त्या पाण्याने गाडी धुऊ नये. कपड्याला साबणाचा फेस येत नसेल तर ते पाणी गाडीलाही उपयोगाचे नाही, एवढी खूण पुरे.

खते, मोरचूद आणि हौद्याचा पत्रा

आता माझ्या विषयाकडे येतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा असतो. म्हणजे फाटक्या पोत्यातून सांडलेले पोटॅश हे गाडीच्या दृष्टीने समुद्राच्या मिठासारखेच आहे. युरिया स्वतः फारसा खात नाही, परंतु तो ओल ओढून घेतो आणि इतर खते विरघळवितो. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी असल्याने त्याचे पाणी पत्र्याला लागते. कोंबडीखताचे ओले पोते रात्रभर गाडीत ठेवणे हेही तितकेच वाईट.

सर्वात घातक मोरचूद. सुपारीवरील कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण आपण दर पावसाळ्यात करतो : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासलेला विळा बुडवून पाहतो, आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालतो. तो तांबूस थर म्हणजे तांबे. मोकळ्या मोरचुदातील तांबे विळ्यावर बसते आणि तेवढे लोखंड विरघळून जाते. याच कारणाने बोर्डोसाठी लोखंडी पिंप वापरू नये असे आपण सांगतो. परंतु तेच मोरचूद कागदी पुड्यात बांधून जीपच्या हौद्यात टाकतो आणि वर पंपाचे ओले नळे ठेवतो! पत्र्यावर बसलेले तांब्याचे कण नंतरही शेजारच्या लोखंडाला खात राहतात.

उपाय स्वस्त आहे. हौद्यात लाकडी फळ्यांची जाळी करून त्यावर जाड प्लॅस्टिक किंवा जुनी ताडपत्री अंथरावी आणि खताची वाहतूक झाली की ती बाहेर काढून हौदा धुवावा. मोरचूद घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यातच न्यावे. आमच्या हौद्यात रबरी चटई कायमची चिकटवलेली होती. तिच्याखाली काय झाले होते ते उचकटल्यावर दिसले : पत्र्याऐवजी तांबडे पापुद्रे निघाले.

गाडीखाली जाण्यापूर्वी

खळ्यात गाडी उचलताना बहुतेक जण हाताशी असलेला चिरा लावतात. हे कदापि करू नये. जांभ्याचा चिरा भिंतीत सर्व बाजूंनी सारखा भार घेतो. परंतु ॲक्सलची कड एकाच जागी टेकली तर तो पूर्वसूचना न देता फुटतो, आणि पावसात भिजलेला चिरा तर अधिकच ठिसूळ होतो. विटांचेही तसेच. जॅक हे फक्त उचलण्याचे साधन आहे, त्याच्या आधारावर गाडीखाली शिरू नये. बाजारात लोखंडी स्टँड मिळतात, त्यांची जोडी एकदाच घ्यावी लागते. शेणाने सारवलेल्या मऊ खळ्यात जॅक आणि स्टँड रुततात, म्हणून त्यांच्याखाली फुटभर लांबी-रुंदीची जाड फळी टाकावी. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारावी. गाडीला हाताने जोराने हलवून पाहावे आणि मगच खाली जावे. घरात दुसरे माणूस हजर असल्याशिवाय हे काम काढू नये.

चॅसिसची परीक्षा

फणस पिकला की नाही हे आपण ठोकून ओळखतो. चॅसिसचेही तसेच. लहान हातोडीने सर्व पट्ट्यांवर हलके ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते. आतून पोखरलेल्या जागी आवाज बसका येतो. तेथे जुना स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. टोक आत शिरले तर ती जागा गेली असे समजावे. लीफ स्प्रिंगचे कंस जेथे चॅसिसला जोडलेले असतात त्या जागा, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, आणि जेथे दोन पत्रे एकावर एक बसतात त्या सांध्यांची परीक्षा विशेष काळजीने करावी. या ठिकाणी भोक पडले असेल तर घरी काही करू नये. चॅसिसचे वेल्डिंग चांगल्या कारागिराकडूनच करवून घ्यावे, आणि नुसता पत्रा वरून चिकटवून देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढली आहे ना, डिझेलची टाकी व नळ्या दूर केल्या आहेत ना, हे स्वतः पाहावे.

वरवरचा गंज मात्र घरी काढता येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा काळ, कारण तेव्हा लोखंड खऱ्या अर्थाने कोरडे असते. प्रथम गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, दोन दिवस उन्हात सुकवावे, मग तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने सुटणारा सर्व गंज काढावा. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण (रंगाच्या दुकानात गंजनाशक म्हणून मिळते) लावले की त्याचा काळसर, घट्ट थर होतो. हातमोजे घालावेत. नंतर प्रायमरचे दोन हात आणि वर इनॅमल रंगाचे दोन हात द्यावेत. प्रायमर स्वतः सच्छिद्र असतो, त्यामुळे नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात काढली तर श्रम वाया जातात.

अनेक ठिकाणी इंजिनाचे जळके ऑईल खालून फवारण्याची पद्धत आहे. गंज थोपविण्यास त्याचा थोडा उपयोग होतो हे खरे. परंतु ते रबरी बुशांना आणि ब्रेकच्या नळ्यांना खराब करते, कातडीला अपायकारक असते, आणि पहिल्या पावसात खळ्यातून वाहून विहिरीकडे जाते. आपल्या विहिरी उथळ आणि जमीन सच्छिद्र. त्यापेक्षा ग्रीसचा पातळ हात ब्रशने द्यावा.

ब्रेक : येथे काटकसर नको

अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. म्हणजे चारही चाकांना जाणारे तेल एकाच कोठीतून जाते. कोठेही एक गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. आमचे तेच झाले. शिवाय कित्येक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून गियरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. गियरबॉक्सचे तेल पाझरून तो ड्रम ओला झाला की हँडब्रेक नावापुरता उरतो. गाडी खळ्यात सपाट जागी उभी करण्याची सवय असल्याने ते लक्षात येत नाही.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट-३ प्रतीचे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये असे त्याचे मानक आहे. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आंबोलीसारखा घाट उतरताना ब्रेक तापतो, पाणी मुरलेले तेल नळीत उकळते, वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाला जोरच लागत नाही. त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. कोकणात दर दोन वर्षांनी, तेही पावसाळा संपल्यावर, तेल बदलावे. सील फोडून महिनोन् महिने कपाटात राहिलेल्या बाटलीतील तेल वापरू नये. इंजिन ऑईल किंवा पॉवर टिलरचे हायड्रॉलिक तेल ब्रेकमध्ये चुकूनही घालू नये; रबरी वायसर फुगून ब्रेक जाम होतात.

तेल बदलणे दोन माणसांचे काम आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूस असल्याने सहसा मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. चाकाच्या मागच्या बाजूस असलेल्या हवा काढण्याच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल घातलेल्या काचेच्या बाटलीत बुडवावे. आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबून धरावे, खालच्याने स्क्रू पाव फेरा सैल करावा, तेल व बुडबुडे बाहेर आले की स्क्रू आवळावा आणि मगच पेडल सोडण्यास सांगावे. ‘दाब’, ‘सोड’ हे शब्द मोठ्याने बोलून घ्यावेत. क्रम चुकला तर हवा परत आत जाते. बुडबुडे बंद होऊन स्वच्छ तेल येईपर्यंत हे करावे आणि वरची कोठी मध्ये रिकामी होऊ देऊ नये. निघालेले तेल पुन्हा वापरू नये. हे तेल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

काम झाल्यावर पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कोठे गळती नसली तर मास्टर सिलिंडरचे वायसर गेले आहेत. नळ्यांवरील प्रत्येक क्लिप सोडवून तिच्याखालची जागा पाहावी. हे काम आम्ही आता दर डिसेंबरात करतो. गंजलेली पोलादी नळी पूर्ण बदलावी. मध्येच कापून रबरी तुकडा आणि क्लॅम्प लावून दिलेली नळी मी एका गाडीत पाहिली आहे. ती चालविणाऱ्याचे नशीब थोर म्हणावे. नळीचे तोंड फुलविणे हे यंत्राचे काम असून ते कारागिराकडेच करावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने न उडविता ओल्या फडक्याने टिपावी.

इंजिन, इंधन आणि बॅटरी

इंजिनाच्या बाबतीत शेतकऱ्याला फार सांगावे लागत नाही. ज्याने पॉवर टिलरच्या डिझेल फिल्टरमधून हवा काढली आहे त्याला जीपचीही काढता येते : फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा, फेस संपून सलग डिझेल आले की आवळावा. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नये. रिकाम्या भागातील दमट हवेचे रात्री पाणी होते व ते तळाशी बसते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून हे पाणी पंधरवड्यातून एकदा काढावे. ओहोळातून गाडी काढली असेल तर मागच्या ॲक्सलचे तेलही पाहावे. गरम ॲक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो आणि तेल ताकासारखे पांढुरके होते. असे तेल लगेच बदलावे. स्प्रिंगचे शॅकल आणि युनिव्हर्सल जॉइंट यांना जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरावे.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालण्याची सवय सोडावी. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असे म्हटले जाते; परंतु कूलंटमध्ये गंजरोधक घटक असतात आणि आपल्याला गरज त्यांचीच आहे. ते ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांसाठी एक नवी अडचण आली आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल ओलावा ओढते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगविते किंवा ठिसूळ करते. फियाट किंवा कार्बोरेटरवाल्या मारुतीच्या इंधनाच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे बसवून घ्यावेत. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये. नळीजवळ पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता प्रथम नळी पाहावी.

बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी व शेवटी लावावी. खांबांवर जमलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे मोजमाप १२.६ व्होल्टच्या आसपास यावे; १२.२ आले तर ती निम्मी उतरली आहे. प्लेटा नेहमी ऊर्ध्वपातित पाण्याखाली बुडालेल्या असाव्यात.

पावसाळ्यात उभी गाडी

आमच्याकडील एक वृद्ध मेस्त्री म्हणत असत, “गाडी रस्त्यार मरणा नाय, खळ्यात उभी रवान मरता.” जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक गाड्या उभ्याच असतात आणि खरे नुकसान तेव्हाच होते. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोरी आवळणे ही सर्वात मोठी चूक आहे, कारण आतली वाफ बाहेर जात नाही. बाजू मोकळ्या असलेला उंच माटव करून वर झाप किंवा पत्रे घालावेत. हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो चिकटतो. चाकांना पाचर मारावी. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे इंजिन फिरवून बंद करणे उपकारक नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठते. पंधरा दिवसांनी का होईना, गाडी अर्धा तास रस्त्यावर न्यावी म्हणजे इंजिन पूर्ण तापते आणि ब्रेकही फिरतात. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून गाडीत काजूची फोलपटे, पेंढा वा पोती ठेवू नयेत.

टायरवर कितीही नक्षी दिसली तरी त्याच्या बाजूवर छापलेला चार अंकी आकडा वाचावा. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असलेला टायर कायद्यानेही चालत नाही.

नोंदणीचे नूतनीकरण

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आमच्या जीपचे २०२४ साली पुन्हा नूतनीकरण झाले. तपासणीस नेण्यापूर्वी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक व हँडब्रेक पाहावेत, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत तपासावी. किनाऱ्यावरील गाड्यांची अडचण वेगळीच असते. तपासणीच्या वेळी चॅसिसवर ठोकलेला क्रमांक वाचता यावा लागतो आणि गंजामुळे तो पुसट झालेला असतो. तो क्रमांक कोठे आहे हे आजच शोधून ठेवावे. त्यावर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर चालवू नये, त्याने अंक झिजतात. रॉकेलच्या बोळ्याने पुसावा, कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यावा, तो नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा आणि अंकांवर ग्रीसचे बोट फिरवून ठेवावे.